हौसेची खडी

गेल्या वर्षी एक रस्ता डांबरी झाला आणि मला वाईट वाटलं.

हे वाक्य उघडपणे लिहायला थोडी लाज वाटते, पण लेख त्याबद्दलच आहे. शिरवळहून मांढरदेवच्या डोंगराकडे, एका वस्तीपर्यंत जाणारा तो सहा-सात किलोमीटरचा खडीचा रस्ता. वस्तीचं नाव लिहीत नाही. ती इतकी लहान आहे की नाव लिहिलं तर तिथली माणसंही लगेच ओळखू येतील. दोन वर्षं मी महिन्यातून एखाद्या रविवारी तिथे बाइक घेऊन जायचो. गेल्या वर्षी गेलो तर वळणावर काळाकुळकुळीत, गुळगुळीत रस्ता. मी हेल्मेटमध्येच म्हणालो, “गेला हाही.”

‘गेला’ म्हणजे काय? ज्यांचा रस्ता होता त्यांना तर तो आत्ता मिळाला होता.

पुण्याहून निघालं की कात्रजचा नवा बोगदा, खेड शिवापूर, कापूरहोळ आणि मग सारोळ्याचा नीरेवरचा पूल. पूल ओलांडला की सातारा जिल्हा लागतो आणि थोड्या वेळात शिरवळ येतं. हायवेला लागून कंपन्यांच्या शेड, कंटेनरच्या रांगा, चहाच्या टपऱ्या. बहुतेक बाइकवाले इथे चहा घेऊन पुढे खंबाटकी घाटाकडे जातात, वाई, महाबळेश्वर किंवा कासला. मी मात्र आत वळायचो. पंधरा-वीस मिनिटांत हायवेचा आवाज मागे पडतो, डांबर संपतं आणि टायरखाली खडी वाजायला लागते.

माझी बाइक हिमालयन ४५०. ४५२ सीसीचं इंजिन, पुढचं चाक २१ इंची, टाकी भरलेली असताना वजन १९६ किलो. आठवडाभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या माणसाला असं धूड का हवं असतं, हे मला बरेच जण विचारतात. खरं उत्तर साधं आहे. कोडमध्ये चूक झाली तर मागचं व्हर्जन परत लावता येतं. खडीवर पुढचा ब्रेक जरा जास्त दाबला गेला तर परत लावायला काही नसतं. तुम्ही पडता, आणि मग १९६ किलो उचलायचे असतात.

उचलायचं एक तंत्र आहे. आधी इंजिन बंद करायचं. बाइक उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा आणि गिअर टाकायचा, म्हणजे उचलताना ती घरंगळत नाही. मग बाइककडे पाठ करून खाली बसायचं, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागची ग्रिप धरायची आणि हातांनी न ओढता पायांनी मागे ढकलत उभं राहायचं. पहिल्यांदा जमतं तेव्हा फार अभिमान वाटतो. त्या अभिमानाकडे पुढे पुन्हा येऊ.

आधी खडीबद्दल. सरकारी भाषेत याला खडीकरण म्हणतात. मातीकाम झालं की मोठ्या खडीचा थर अंथरायचा, वर बारीक खडी आणि मुरूम टाकायचा, पाणी मारायचं आणि रोलर फिरवायचा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅकॅडम नावाच्या स्कॉटिश माणसाने दाखवून दिलं होतं की फोडलेले, टोकदार कडांचे लहान दगड दाबले गेले की एकमेकांत अडकतात आणि गाड्यांच्या वजनाने आणखी घट्ट बसतात. त्याच्याच नावावरून या पद्धतीचं नाव पडलं. आपल्याकडे दगड सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. क्रशरमधून तो फुटून येतो तेव्हा कडा चांगल्याच धारदार असतात.

वेळेत डांबर पडलं तर सगळं ठीक. पण काम अडकलं तर एक-दोन पावसाळ्यांत मुरूम वाहून जातो आणि अडकून बसलेली खडी सुटी होते. तेव्हा ती टायरखाली गोट्यांसारखी सरकते. म्हणजे मी ज्याला इतके दिवस ‘ऑफरोड’ म्हणत होतो तो काही रस्त्याबाहेरचा प्रदेश नव्हता. तो कुणीतरी अर्ध्यावर सोडलेला रस्ता होता.

सुट्या खडीवर बाइक चालवताना शरीराला शिकलेलं बरंच विसरावं लागतं. फूटपेगवर उभं राहायचं, गुडघे सैल ठेवायचे, हँडल हलकं धरायचं. पुढचं चाक डावी-उजवीकडे डुचमळतं, त्याला डुचमळू द्यायचं, ते आपली वाट शोधतं. घट्ट धरून सरळ करायला गेलात की पडलात. मागच्या चाकाचं एबीएस बंद करायचं, कारण सुट्या खडीत लॉक झालेलं चाक पुढे खडीचा ढीग जमवतं आणि त्या ढिगामुळेच लवकर थांबतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे नजर. जिथे बघाल तिथे बाइक जाते. चुकवायच्या दगडाकडे बघत राहिलात तर बरोबर त्याच दगडावर जाल. म्हणून दगड एकदा बघायचा आणि नजर पुढे, जिथे जायचंय तिथे न्यायची.

घरी आल्यावर उलटं. तिथे नजर अगदी जवळ आणावी लागते. चेन रॉकेलने धुवायची, जुन्या टूथब्रशने घासायची, पुसून ल्यूब मारायचं. खडीच्या हादऱ्यांनी नटबोल्ट ढिले होतात, ते एकेक करून तपासायचे. एअर फिल्टरमधला फुफाटा झटकायचा. स्पोकवर छोट्या पान्याने टिचकी मारत चाक फिरवायचं. ताणलेला स्पोक टिंग वाजतो, ढिला झालेला ठप्प वाजतो. खडीवर टायरमधली हवा कमी केलेली असते, ती हायवेला लागण्याआधी आठवणीने भरायची. पण मुळात फार कमी करायची नाही, नाहीतर ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटते आणि पंक्चर होते.

या सगळ्याला मराठीत दोन छान शब्द आहेत, देखभाल आणि निगा. दोन्हींचा मूळ अर्थ बघणं. देखभालमध्ये ‘देख’ उघडच आहे. ‘निगा’ फारसीतल्या ‘निगाह’वरून आला, म्हणजे नजर. एखाद्या गोष्टीची निगा राखणं म्हणजे तिच्यावर नजर ठेवून असणं. मला हे कळलं तेव्हा मी खूश झालो. बाइक चालवणं म्हणजे बघणं, सांभाळणं म्हणजेही बघणं. मला वाटलं, ही बाइक मला बघायला शिकवतेय.

मग तो रविवार आला.

पावसाळ्याआधीचा मे महिना होता. सोबत एक मित्र होता. एका चढावर तो पुढे जाऊन मोबाइल घेऊन उभा राहिला. मी खाली थांबलो, आणि त्याने हात केल्यावर पहिल्या गिअरमध्ये थ्रॉटल जोरात पिळला. मागचं चाक जागेवर फिरलं, खडीचा फवारा उडाला, बाइक शेपूट हलवत वर गेली. व्हिडिओ झकास आला. मागे काच फुटल्याचा आवाज झाला तो मला हेल्मेटमध्ये ऐकूच आला नाही. मित्राने खूण केली तेव्हा मागे वळून बघितलं.

मागे एक स्प्लेंडर उभी होती. दोन्ही बाजूंना दुधाचे रिकामे कॅन. पन्नाशीचे एक मामा सकाळचं दूध डेअरीला घालून वस्तीवर परत चालले होते. आमचं शूटिंग संपायची वाट बघत ते शांतपणे खाली थांबले होते. हॉर्नसुद्धा वाजवला नव्हता. माझ्या चाकाने उडवलेला दगड त्यांच्या हेडलाइटवर बसला होता.

मी पळत खाली गेलो, पन्नास वेळा सॉरी म्हटलं. त्यांनी काचेचे तुकडे बोटाने काढले आणि म्हणाले, “असूंदे. काच हाय, माणूस न्हाय.” मी हजार रुपये काढले. त्यांनी पाचशे घेतले. “काचंचं एवढंच पडत्यात,” म्हणाले. मी विचारलं, “मामा, संध्याकाळचं दूध असेल ना? येताना अंधार होईल.” तर म्हणाले, “जाईन की. ही वाट डोळं झाकून येतीया.” मग माझ्या बाइककडे, क्रॅश गार्डकडे, गुडघ्यावरच्या प्लॅस्टिकच्या वाट्यांकडे बघून विचारलं, “रस्ता बघाय आलाय व्हय? मग येताना आमदारास्नी घिऊन यायचं की!” आम्ही तिघंही हसलो आणि ते निघून गेले.

शिरवळला जाऊन काच आणून त्यांना बसवून देता आली असती. तासाभराचं काम होतं. ही गोष्ट मला सुचली तेव्हा मी हायवेवर, सारोळ्याच्या पुलाच्या पुढे होतो. परत वळलो नाही. रात्री व्हिडिओ एडिट केला. शेवटी काचेचा आवाज येत होता, म्हणून वर गाणं लावलं आणि पोस्ट केला. मामा त्या वेळी त्याच खडीवरून विनालाइटचे परत येत असणार. माझ्या व्हिडिओखाली लोक लिहीत होते, ‘भावा, खरी राइड हीच.’

बघायला शिकवणाऱ्या बाइकवर बसून मला मागे थांबलेला माणूस दिसला नव्हता. चेनचा एकेक दुवा मला दिसत होता. दगड दिसत होता, दगडाच्या पुढचं वळण दिसत होतं. या दोन्हींच्या मध्ये जे राहतं ते मात्र दिसलं नाही.

त्यानंतर मी एका प्रश्नावर अडकलो. आपण म्हणतो, खडतर रस्ता माणसाला घडवतो. बाइकवाल्यांच्या गप्पांत हे वाक्य दर दहा मिनिटांनी येतं. ते खरं असेल तर सगळ्यांत जास्त घडलेले कोण असायला हवेत? मामा त्या रस्त्यावरून रोज दोनदा डेअरीला जातात. वर्षाला सातशेच्या वर खेपा. त्यांची बाइक शंभर सीसीच्याही आतली, आठ हॉर्सपॉवरची, साध्या टायरची. वर दुधाचं वजन, आणि सांडलं तर नुकसान. मी त्याच रस्त्यावर महिन्यातून एकदा ४० हॉर्सपॉवर घेऊन जातो आणि घरी येऊन लोकांना अनुभव सांगतो. मामांना कुणी अनुभव विचारत नाही. म्हणजे आपण खडतरपणाला मान देत नाही. आपण मान देतो तो खडतरपणा निवडण्याला. आणि निवडायची ऐपत मी तीन लाखांहून जास्त रुपयांना विकत घेतली होती. बाइक उचलताना वाटलेला अभिमान त्याच पावतीवर होता.

मग हौसेने स्वीकारलेला त्रास म्हणजे नुसतं नाटक का? असंही मला वाटत नाही. कारण आपल्याकडे याचं फार मोठं उदाहरण आहे, आणि ते शिरवळपासून लांबही नाही. दर वर्षी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघते. वाटेत नीरा नदीत पादुकांना स्नान घालतात आणि पालखी सातारा जिल्ह्यात येते, लोणंदला मुक्काम करते. लोणंद शिरवळच्याच खंडाळा तालुक्यातलं. वारकऱ्यांना चालायची सक्ती नसते. पंढरपूरला एसटी जाते. तरी लाखो लोक पावसात, चिखलात चालतात. त्यांच्या चालण्याला नाटक म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही.

मग फरक कुठे आहे? भक्तीचा भाग मी बाजूला ठेवतो, त्यावर बोलायचा माझा अधिकार नाही. मला एक साधा फरक दिसला. पालखी मार्ग चौपदरी झाला, चांगला झाला, तर वारी खोटी पडत नाही. वारकऱ्याला रस्ता वाईट राहायला नको असतो. त्याचं चालणं दुसऱ्या कुणाच्या गैरसोयीवर उभं नसतं. उलट वाटेतली गावं त्याला पिठलं-भाकरी देतात, आणि तो ती घेतो, पाया पडतो, आपण दुसऱ्यांच्या जिवावर चालतोय हे त्याला ठाऊक असतं. माझ्या हौसेला मात्र तो रस्ता तसाच अर्धवट राहायला हवा होता. म्हणूनच डांबर बघून तोंडातून ‘गेला’ निघालं.

तेव्हापासून मी माझ्या हौसांना एक प्रश्न लावून बघतो. ही हौस टिकण्यासाठी दुसऱ्याची अडचण टिकावी लागते का?

प्रश्न बाइकपुरता राहत नाही. पुणे-सातारा हायवेवर ‘चुलीवरचं जेवण’ अशा पाट्या दिसतात. महिन्यातून एकदा ती धुराची चव आपल्याला हवी असते. धूर रोज ज्या बाईच्या डोळ्यांत जातो तिला गॅस हवा असतो. नेटवर्क नसलेल्या गावात दोन दिवस राहून आपल्याला शांत वाटतं. त्याच गावातली मुलगी अकरावीचा फॉर्म भरायला रेंज शोधत टेकडी चढते. आपण ज्याला साधेपणा म्हणतो ती बऱ्याचदा दुसऱ्याची यादीत राहून गेलेली मागणी असते. मामांच्या वस्तीचंही तेच. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली, तेव्हा निकष ठरले होते. सपाट भागात ५०० लोकसंख्येच्या वरच्या वस्त्या, डोंगराळ आणि आदिवासी भागांत २५०. तीस-चाळीस घरांच्या वस्तीने अशा यादीत कुठे बसायचं? तिच्या वाट्याला तुकड्यातुकड्याने आलेला निधी येतो. एका वर्षी मातीकाम, दुसऱ्या वर्षी खडी, आणि मग माझ्यासारख्यांचा ‘हिडन ट्रॅक’.

इथे एक धोका आहे. हे सगळं लिहून मी अपराधी वाटून घेतो, तुम्ही वाचून घेता, आणि दोघांनाही थोडं बरं वाटतं. अपराधीपणसुद्धा एक राइडच असते. सकाळी निघायचं, जरा हादरे खायचे, संध्याकाळी घरी. मामांना माझ्या अपराधीपणाचा काय उपयोग? त्यांना काच हवी होती.

म्हणून मी काच घेऊन गेलो, तीन आठवड्यांनी. अर्थात तोपर्यंत त्यांनी बसवून घेतली होती. वस्तीच्या तोंडाशी पाण्याच्या टाकीजवळ भेटले. स्प्लेंडर आडवी लावून चेन घट्ट करत होते. मी टूलकिट काढली, पण त्यांना गरज नव्हती. त्यांच्याकडे दोन पाने आणि बाटलीत जळकं ऑइल होतं. चेन कव्हर तारेने बांधलेलं, पण चेन स्वच्छ होती. मग ते उठले, माझ्या बाइकच्या चेनला अंगठ्याने वर ढकलून बघितलं आणि म्हणाले, “लई ताठ हाय. माणूस बसला की अजून ताठतीया. कॅन लावल्यावर कळतं.”

मी घरी येऊन मॅन्युअल काढून मोजलं. चेन खरंच जास्त ताठ होती. लांब सस्पेन्शनच्या बाइकवर वजन पडलं की मागचं चाक वर येतं आणि चेन ताणली जाते, म्हणून आधीच पुरेसा ढिलेपणा ठेवावा लागतो. हे मी वाचलेलं होतं. तरी दोन महिने ताठ चेन घेऊन फिरत होतो, आणि एवढी निगा राखतो म्हणून स्वतःवर खूश होतो. मामांनी कधी मॅन्युअल बघितलं नसेल. पण त्यांना वजन माहीत होतं.

त्यानंतर मी तिथे जात राहिलो, पण काही गोष्टी बदलल्या. माणूस, गुरं, शाळेची पोरं दिसली की चालण्याच्या वेगावर यायचं. मागून कुणी येत असेल तर बाजूला होऊन आधी त्याला जाऊ द्यायचं. चाक फिरवून खडी उडवायची नाही. रोलरने बसवलेली खडी तशानेच उखडते, आणि ती परत बसवायला आपण येत नाही. तो व्हिडिओ काढून टाकला. यात काही थोर नाही. पाहुण्याने घरात जितपत नीट वागावं तितकंच.

मग रस्ता डांबरी झाला आणि लेखाच्या सुरुवातीचं ते वाईट वाटणं आलं. इतकं सगळं कळूनही आलं, ही मला बोचणारी गोष्ट आहे. पण मी ते दाबायचा प्रयत्न सोडून दिला आहे. दोन वर्षं एखाद्या वाटेने काही शिकवलं असेल तर ती बदलताना हळहळ वाटणारच. वाटायला हरकत नाही. फक्त त्या हळहळीला मताचा अधिकार नाही. रस्ता कसा असावा हे सातशे खेपा घालणाऱ्याने ठरवायचं, बारा खेपा घालणाऱ्याने नाही.

परवा पुन्हा गेलो होतो. मामा म्हणाले, डेअरीला पंचवीस मिनिटं लागायची ती आता बारा लागतात. “औंदा पावसात पोरं साळंला जातील,” हेही म्हणाले. रस्त्याच्या कडेला कामाची पाटी लागली आहे. कामाचं नाव, लांबी, रक्कम, आणि शेवटी देखभाल-दुरुस्तीची मुदत. त्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी मला वाचायला सांगितलं. मी मोठ्याने वाचलं.

“म्हंजी तोवर बघायचं त्येंनी,” ते म्हणाले. “आन् नाय बघितलं तर?”

मला उत्तर माहीत नव्हतं. मी पाटीचा फोटो काढून घेतला, तारीख आणि रक्कम नीट वाचता येईल असा. मग आम्ही दोघं कडेचा चर बघत थोडं चालत गेलो. पावसाचं पाणी रस्त्यावर न येता चरातून गेलं तर डांबर टिकतं. एका ठिकाणी चर मातीने बुजला होता. मामा फावडं आणायला घराकडे वळले आणि मी हातमोजे काढून बाइकवर ठेवले.